सेंट ऑगस्टीन: खरं जुनं कोणतं, आणि ते बघायचं कसं?

फ्लोरिडाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सेंट ऑगस्टीनबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. वस्ती जेमतेम चौदा-पंधरा हजार. पण स्पॅनिश आरमारी सरदार पेद्रो मेनेंदेझ दे आविलेस यानं सप्टेंबर १५६५मध्ये वसवल्यापासून हे गाव सलग नांदतं आहे. आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर युरोपीयांनी वसवलेल्या नांदत्या शहरांत याहून जुनं दुसरं नाही. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: गावात जिकडे बघावं तिकडे ‘सर्वांत जुनं’ अशी पाटी दिसते. सर्वांत जुनं घर, सर्वांत जुनी शाळा, सर्वांत जुना रस्ता. यातलं खरं किती मानायचं?

१७०२ हे साल डोक्यात पक्कं ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. त्या वर्षी कॅरोलायनाचा इंग्रज गव्हर्नर जेम्स मूर गावावर चालून आला. सैनिक धरून सुमारे दीड हजार माणसं किल्ल्यात शिरली आणि सात-आठ आठवडे आत राहिली. किल्ला पडला नाही. हवानाहून स्पॅनिश जहाजं मदतीला पोहोचली तसा मूर मागे फिरला, पण जाण्याआधी त्यानं गाव जाळलं. त्यामुळे आज उभं असलेलं कुठलंही घर १७०२च्या आधीचं नाही. त्या आगीतून तगलेली मोठी वास्तू एकच, ती म्हणजे कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला.

सेंट फ्रान्सिस स्ट्रीटवरचं ‘सर्वांत जुनं घर’, म्हणजे गोन्झालेझ-आल्वारेझ हाऊस, १७२०च्या दशकातलं आहे. किल्ल्यावरच्या एका गोलंदाजाचं कुटुंब तिथे राहत होतं. खालचा मजला कोकिना नावाच्या शिंपल्यांच्या दगडाचा आणि वरचा लाकडी. हा लाकडी मजला १७६३नंतरच्या इंग्रज अमदानीत चढला. आत गेलात की जमिनीकडे नीट बघा. चुना, वाळू आणि शिंपले एकत्र कुटून केलेली ही टॅबीची जमीन तेव्हा गावभर असे. एका घरात स्पॅनिश, इंग्रज आणि अमेरिकी अशा तीन राजवटी थरावर थर दिसतात, म्हणून या घराचं तिकीट वाया जात नाही.

सेंट जॉर्ज स्ट्रीटची गोष्ट वेगळी. या पादचारी रस्त्यावरची बरीच ‘स्पॅनिश’ घरं १९६०-७०च्या दशकांत नव्यानं बांधलेली आहेत. शहराला १९६५मध्ये ४०० वर्षं होणार होती. त्या निमित्तानं राज्य सरकारनं १९५९मध्ये जतन आयोग नेमला, जुन्या घरांचे पाये उकरले, जुने नकाशे धुंडाळले आणि त्यावर घरं पुन्हा उभी केली. काम अभ्यासून केलेलं आहे, त्याला खोटं म्हणणं अन्याय होईल. तरी भिंत नवी आहे हे माहीत असलेलं बरं. घराच्या पाटीवर ‘रीकन्स्ट्रक्टेड’ असं लिहिलंय का ते आधी वाचावं. मूळची घरं बघायची तर अरिव्हास हाऊस आणि दे मेसा-सांचेझ हाऊस याच रस्त्यावर आहेत. रस्त्याच्या उत्तर टोकाच्या नगरवेशीचे दगडी खांब १८०८चे.

लाकडी शाळेबद्दल एवढंच सांगता येईल, की लाकडी इमारतीत फळ्या बदलत जातात आणि वयाचा हिशोब अवघड होतो. तिच्याभोवतीचा नांगर आणि जाडजूड साखळी मात्र स्पॅनिश काळातली नाही. चक्रीवादळात इमारत उडू नये म्हणून ती १९३७मध्ये बांधली.

चौकातलं कॅथीड्रल १७९३ ते १७९७मध्ये बांधलं. १८८७च्या आगीत छप्पर आणि आतलं सगळं गेलं, भिंती राहिल्या. उंच घंटाघर त्या आगीनंतरचं आहे. इथल्या धर्मपीठाकडच्या बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदी मात्र १५९४पासूनच्या आहेत. गावातल्या कुठल्याही भिंतीपेक्षा हा कागद जुना!

प्रश्न: शिंपल्यांच्या ठिसूळ दगडाचा किल्ला तोफांपुढे टिकला कसा? आणि कठड्यावर नुसतं टेकलं तरी रखवालदार लगेच उठवतात, ते का?

दोन्हींचं उत्तर त्या दगडातच आहे. कोकिना म्हणजे बारीक शिंपल्यांचे तुकडे, विरघळलेल्या चुन्यानं एकमेकांना चिकटून झालेला दगड. समोरच्या अनास्तासिया बेटावर तो जमिनीलगतच सापडतो. खाणीत ओला असताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीनं आणि करवतीनं चिरे पाडता येतात. बाहेर काढून दीर्घकाळ वाळत ठेवला की पाणी निघून जातं आणि दगड आवळतो. 

इथे आधी एकामागून एक नऊ लाकडी किल्ले झाले. ते कुजले, जळले, वादळात गेले. १६६८मध्ये इंग्रज चाच्यांनी गाव लुटलं, १६७०मध्ये उत्तरेला इंग्रजांनी चार्ल्सटन वसवलं, तेव्हा माद्रिदहून दगडी किल्ल्याला पैसा सुटला. बांधकाम ऑक्टोबर १६७२मध्ये सुरू झालं आणि १६९५मध्ये मुख्य काम संपलं. आराखडा इग्नासिओ दासा या अभियंत्याचा, गवंडी क्युबाचे. चिरे बैलगाड्यांनी खाडीपर्यंत आणि तिथून तराफ्यांवरून पलीकडे येत. चिरे जोडायला लागणारा चुना कालवांच्या शिंपा भट्टीत भाजून केला. अंगमेहनत मिशनांमधून आणलेल्या तिमुकुआ, ग्वाले आणि आपालाची या मूलनिवासी लोकांची, कैद्यांची आणि गुलाम आफ्रिकनांची. फलकांवर अभियंत्याचं नाव ठळक असतं, या माणसांची नावं नसतात. तट बघताना त्यांची आठवण ठेवावी.

आता तोफेबद्दल. ग्रॅनाइटसारख्या कडक दगडावर गोळा आदळला की धक्का दगडभर पसरतो, तडे जातात आणि कपच्या उडतात. कोकिनात शिंपल्यांच्या मधे असंख्य पोकळ्या असतात. गोळा लागला की त्या जागचा दगड दबतो, चुरा होतो, आणि धक्का तिथल्या तिथे जिरतो. गोळा काही इंच आत रुतून बसतो. १७४०मध्ये जॉर्जिया या इंग्रज वसाहतीच्या जेम्स ओगलथॉर्पनं अनास्तासिया बेटावर तोफा मांडून २७ दिवस मारा केला, तरी तटाला खिंडार पडलं नाही. अर्थात जाडीचाही वाटा मोठा आहे. समुद्राकडची भिंत तळाशी १९ फुटांपर्यंत जाड आहे.

जो मऊपणा तोफेसमोर कामाला आला, तोच आज किल्ल्याचा शत्रू झालाय. बांधला तेव्हा तटाला पांढऱ्या चुन्याचा गिलावा होता आणि कोपऱ्यांवरच्या पहारेकऱ्यांच्या चौक्या लाल होत्या. तो गिलावा पाऊस बाहेरच थोपवी. आता बहुतेक ठिकाणी तो गेलाय. पावसाचं पाणी वरच्या तोफांच्या गच्चीतून झिरपतं आणि चुना विरघळवत खालच्या खोल्यांत उतरतं. भिंतींवरचे पांढरे ओघळ त्याचेच. उघड्या कोकिनावर हात फिरवला तर बोटांना वाळूसारखे कण लागतात. बूट घासले, पोरं कठड्यावर चढली, पाठीवरची पिशवी कोपऱ्याला घासली, की थोडा थोडा किल्लाच झडतो. वर्षाला लाखो माणसं येतात, म्हणून रखवालदार कडक असतात. ते योग्यच करतात.

अशा मऊ दगडावर आधुनिक सिमेंटचा थापा मारणं ही तर सर्वांत वाईट दुरुस्ती. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि ओल आत कोंडतं. मग पापुद्रा सुटतो आणि सिमेंटबरोबर मूळ दगडाचा थरही निघून येतो. डागडुजी चुन्याच्या गाऱ्यानंच करावी लागते.

ही खाण बघण्यासारखी आहे आणि फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. अनास्तासिया स्टेट पार्कच्या प्रवेशद्वाराजवळ जुन्या स्पॅनिश खाणीचे सरळ कापलेले खड्डे आहेत. पार्कची फी गाडीमागे ८ डॉलर. किल्ला बघून झाल्यावर तिकडे जा, मग चिरा कुठून सुटला हे डोळ्यांना कळतं.

प्रश्न: आई-बाबा भारतातून आले आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. ऑरलँडोहून एका दिवसात जाऊन-येऊन काय काय होईल? ज्येष्ठांना तिकिटात सवलत आहे का?

ऑरलँडोहून अंतर शंभर-एकशेपाच मैल, साधारण पावणेदोन तास. आय-९५ वरून ३११ क्रमांकाच्या एक्झिटनं बाहेर पडलात की दक्षिणेकडून गावात शिरता. सकाळी सातच्या आत निघा. किल्ला नऊला उघडतो आणि पहिला दीड तास गर्दी कमी असते.

गाडी आधी लावायची, मग बाकीचं सगळं. किल्ल्याजवळच्या छोट्या तळावर जागा मिळेल म्हणून घिरट्या घालण्यात अर्धा तास सहज जातो, आणि तिथे मीटर असल्यामुळे मन घड्याळातच अडकून राहतं. वेस्ट कास्तियो ड्राइव्हवर व्हिजिटर सेंटरला लागून बहुमजली पार्किंग आहे. दिवसभराचे पैसे एकदाच भरायचे. तिथून किल्ला आणि नगरवेस दोन्ही चालत पाच-सात मिनिटांवर. शनिवार-रविवारी हेही दुपारच्या आत भरतं.

किल्ल्याचं तिकीट १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला १५ डॉलर, तेच तिकीट सात दिवस चालतं. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे नाहीत. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय उद्यानांचा पास ६२ वर्षांवरच्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो लागू नाही, त्यांची तिकिटं पूर्ण दरानं काढावी लागतील. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड जवळ ठेवा.

किल्ल्यात आई-बाबांना खालचा चौक आणि भोवतालच्या खोल्या सावकाश बघता येतील. काही दारं ठेंगणी आहेत, डोकं सांभाळायला सांगा. वरच्या तोफांच्या गच्चीवर जायला दगडी जिनाच आहे, लिफ्ट नाही. गच्चीवर सावली औषधालाही नाही. गुडघे दुखत असतील तर वर न जाणंच बरं. आठवड्याच्या शेवटी सहसा तोफ उडवण्याचं प्रात्यक्षिक असतं. ते वरच होतं, पण बाहेरच्या हिरवळीवरून किंवा खाडीकाठच्या भिंतीजवळूनही दिसतं आणि ऐकू येतं. पाऊस किंवा विजा असतील तर ते रद्द होतं.

किल्ल्यावरून नगरवेशीतून सेंट जॉर्ज स्ट्रीट धरून चौकापर्यंत या. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर, पण दुकानांमुळे तास जातो. चौकात झाडांखाली बाकं आहेत, आई-बाबांना तिथे बसवून कॅथीड्रल बघून या. जेवणानंतर फ्लॅग्लर कॉलेज आणि लाइटनर म्युझियम यांतलं एकच निवडा. दोन्ही केलंत तर तिसऱ्या प्रहरी सगळे थकून जातील. दीपगृह हवं असेल तर चारच्या आधी गाडी काढा.

गाडीनं अनास्तासिया बेटाकडे जाताना ब्रिज ऑफ लायन्स ओलांडावा लागतो. १९२७चा हा पूल उघडणारा आहे. दिवसा बोटी येत असतील तर तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला तो वर जातो. एखाद्या ठिकाणी वेळेवर पोहोचायचं असेल तर पुलाशी बरोबर तीस मिनिटांच्या काट्यावर पोहोचू नका.

प्रश्न: या किल्ल्यात सेमिनोल या मूलनिवासी जमातीचा नेता ऑसिओला मरण पावला आणि अपाची नेता जेरोनिमो यालाही इथेच डांबलं होतं, असं एका सहलीत ऐकलं. ते बरोबर आहे का?

दोन्ही चुकीचं, पण दोन्हीमागे खरा इतिहास आहे.

ऑसिओलाला ऑक्टोबर १८३७मध्ये अमेरिकी सैन्यानं पकडलं, तेही वाटाघाटींचं पांढरं निशाण फडकत असताना. तेव्हा अमेरिकनांनी किल्ल्याचं नाव फोर्ट मॅरियन ठेवलं होतं. ऑसिओला इथे कैदेत होता, पण वर्षअखेरीला त्याला साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मूल्ट्रीत हलवलं आणि ३० जानेवारी १८३८ला तो तिथे वारला. त्याआधी, १८३७च्या नोव्हेंबरात, कोआकूची हा दुसरा सेमिनोल नेता एकोणीस साथीदारांसह इथून निसटला. हा किल्ला लढून कुणी घेतला नाही, पण आतून बाहेर पडणारे निघाले.

जेरोनिमो फ्लोरिडातच होता, पण दूर पश्चिमेला पेन्साकोलाच्या फोर्ट पिकन्समध्ये. इथे १८८६-८७मध्ये सुमारे पाचशे अपाची माणसं कोंडली होती. त्यांत बरीच बायका-मुलं होती आणि जेरोनिमोचं कुटुंबही होतं.

यापेक्षा कमी ठाऊक असलेली आणि अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट १८७५ ते १८७८ची. शायेन, कायोवा, कोमांचे अशा मैदानी जमातींचे सत्तरहून अधिक कैदी इथे होते. त्यांनी हिशोबाच्या वह्यांत रंगीत पेन्सिलींनी शिकारीची, लढायांची आणि रेल्वेप्रवासाची चित्रं काढली. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावर देखरेख करणारा लेफ्टनंट रिचर्ड हेन्री प्रॅट इथल्या अनुभवावरून पुढे १८७९मध्ये कार्लाइलची निवासी शाळा काढतो. तिथे आदिवासी मुलांचे केस कापले गेले आणि त्यांना मातृभाषा बोलायला बंदी झाली. या किल्ल्यात तासभरच मिळणार असेल तर तोफांसाठी थोडा कमी वेळ ठेवा आणि कैद्यांच्या खोल्यांतले फलक नीट वाचा.

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला कडेवर घेऊन दीपगृह चढता येईल का?

नाही. वर जायला मुलाची उंची किमान ४४ इंच लागते आणि प्रत्येकानं स्वतःच्या पायांनी चढायचं असतं. कडेवर, पाठीवर, झोळीत घेऊन सोडत नाहीत. घरीच उंची मोजून जा, म्हणजे खिडकीशी रडारड होणार नाही.

पायऱ्या २१९, मनोऱ्याची उंची १६५ फूट. लोखंडी चक्राकार जिना आहे, मधे टप्प्यांवर थांबता येतं. जिन्याच्या पायऱ्या जाळीदार असल्यामुळे खालचं दिसतं. उंचीची भीती असणाऱ्यांना दमापेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो. बूट किंवा मागून पट्टा असलेल्या चपला घाला. आसपास विजा असल्या की मनोरा बंद करतात. उन्हाळ्यात हे बहुधा दुपारनंतर होतं, म्हणून जून ते सप्टेंबर सकाळीच चढा.

हे दीपगृह १८७४चं. वरचं प्रकाश दूरवर फेकणारं फ्रेनेल भिंग नऊ फूट उंच आहे आणि त्यात ३७० लोलक आहेत. १९८६मध्ये कुणीतरी बंदुकीच्या गोळ्या झाडून काही लोलक फोडले होते. हातानं नवे बसवून १९९३मध्ये ते पुन्हा पेटलं. मुलीसह खाली थांबणाऱ्यासाठी रखवालदारांचं घर, बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या वस्तूंचं दालन आणि सावलीतली पायवाट आहे. एकानं वर जावं, दुसऱ्यानं मुलीजवळ थांबावं, मग अदलाबदल करावी.

प्रश्न: ‘फाउंटन ऑफ यूथ’ला जावं का?

तारुण्य देणारं पाणी प्यायला म्हणून जाऊ नका. हुआन पोन्से दे लिओन १५१३मध्ये फ्लोरिडात उतरला हे खरं, पण नेमका कुठे उतरला ते ठरलेलं नाही आणि झऱ्याची दंतकथा त्याच्या नावाला त्याच्या मृत्यूनंतर चिकटली.

तरी जागा टाकाऊ नाही. झऱ्याच्या बाजाराखाली झाकलेली खरी गोष्ट अशी, की याच आवारात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन डीगन यांच्या उत्खननांत मेनेंदेझच्या १५६५च्या पहिल्या छावणीचे अवशेष मिळाले. त्याआधी तिथे तिमुकुआ लोकांचं गाव होतं. म्हणजे शहराची सुरुवात पाहायची तर याच मातीवर. तिकीट किल्ल्यापेक्षा महाग आहे. मुलं बरोबर असतील तर मोर, तोफ, लोहार यांत दोन तास रमतील. मोठ्यांना नुसता आरंभबिंदू बघायचा असेल तर शेजारचं नोम्ब्रे दे दिओस मिशन बघा. आवार विनामूल्य आहे, शांत आहे, आणि २०८ फूट उंच पोलादी क्रूस तिथेच आहे.

प्रश्न: फ्लॅग्लरची हॉटेलं म्हणून काय दाखवतात? कॉलेजच्या आत जाता येतं का?

हेन्री फ्लॅग्लर हा स्टँडर्ड ऑइलमधला रॉकफेलरचा भागीदार. उत्तरेतल्या श्रीमंतांना हिवाळ्यात फ्लोरिडात आणायचं या इराद्यानं त्यानं जानेवारी १८८८मध्ये पोन्से दे लिओन हॉटेल उघडलं. आराखडा कॅरेअर आणि हेस्टिंग्ज या तरुण जोडीचा. न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीची इमारत त्यांनीच पुढे केली. भिंती जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत आणि त्या काँक्रीटमध्ये खडीच्या जागी कोकिना आहे. किल्ल्याचाच शिंपला दोनशे वर्षांनी वेगळ्या साच्यात आला. बाहेरच्या राखाडी भिंतीजवळ उभं राहून बघितलं तर शिंपल्यांचे तुकडे साध्या डोळ्यांना दिसतात.

१९६८पासून तिथे फ्लॅग्लर कॉलेज आहे. अंगण आणि घुमटाखालचं दालन पाहुण्यांना सहसा खुलं असतं, पण टिफनीच्या काचचित्रांचं भोजनगृह फक्त मार्गदर्शकासह, तिकीट काढून बघता येतं. फेऱ्या दिवसातून ठरावीक वेळांनाच असतात. ते विद्यार्थ्यांचं रोजचं जेवणघर आहे, त्यामुळे परीक्षा आणि समारंभांच्या दिवसांत फेरी रद्दही होते. जाण्याच्या आदल्या दिवशी वेळ तपासून जागा राखून ठेवा.

समोरचं आल्काझार हॉटेल आता लाइटनर म्युझियम आहे. शिकागोच्या ओटो लाइटनर या मासिक प्रकाशकानं जमवलेल्या काचा, फर्निचर, यांत्रिक वाद्यं असा सगळा पसारा १९४८पासून तिथे आहे. हॉटेलचा १२० फूट लांबीचा आतला पोहण्याचा तलाव आता कोरडा आहे आणि त्याच्या तळाशी उपाहारगृह चालतं. वस्तूंपेक्षा इमारतच बघावी असं आमचं मत.

प्रश्न: कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या खुणा इथे आहेत असं वाचलं. त्या कुठे आहेत?

आहेत, आणि बहुतेक सहली त्यांच्या अंगावरून निघून जातात.

किल्ल्याच्या उत्तरेला दोन मैलांवर फोर्ट मोझे. इंग्रजांच्या कॅरोलायनातून पळून आलेल्या गुलामांनी कॅथलिक धर्म स्वीकारला तर त्यांना स्वातंत्र्य द्यावं, असं फर्मान स्पेनच्या राजानं १६९३मध्ये काढलं. त्यातून १७३८मध्ये मोझे उभं राहिलं. आजच्या अमेरिकेच्या हद्दीतली, सरकारी मान्यता असलेली मुक्त कृष्णवर्णीयांची ही पहिली वस्ती. फ्रान्सिस्को मेनेंदेझ हा मांदिंका माणूस तिथल्या पलटणीचा कप्तान होता. १७४०मध्ये ओगलथॉर्पच्या सैन्यानं मोझे घेतलं. जूनमध्ये स्पॅनिश आणि मोझेच्या लोकांनी पहाटे हल्ला करून ते परत मिळवलं, आणि वेढ्याचा रंग पालटला. मूळ जागा आता दलदलीत गेलीय. तिथे लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून फक्त लांबून बघता येतं. म्हणून आधी छोटं संग्रहालय बघा, नाहीतर समोर नुसतं गवत दिसतं. जवळच किल्ल्याची प्रतिकृतीही उभारली आहे. डास भरपूर, त्यांचं औषध लावूनच जा.

दुसरी खूण गावाच्या मधोमध. १९६४च्या उन्हाळ्यात नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये अडकला होता तेव्हा इथे रोज रात्री मोर्चे निघत. ११ जूनला मॉन्सन मोटर लॉजच्या पायऱ्यांवर मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. १८ जूनला त्याच लॉजच्या तलावात कृष्णवर्णीय आणि गोरे एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकानं पाण्यात आम्ल ओतलं. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. २ जुलैला कायद्यावर सही झाली. लॉज २००३मध्ये पाडला, पण खाडीकाठच्या नव्या हॉटेलच्या आवारात त्या पायऱ्या जपल्या आहेत. शोधायला लागतात, पाटी लहान आहे. चौकात २०११पासून आंदोलनातल्या साध्या कार्यकर्त्यांचं स्मारक आहे. तिथून दक्षिणेला पंधरा मिनिटं चालत गेलं की लिंकनव्हिल, मुक्त झालेल्या गुलामांनी १८६६मध्ये वसवलेली वस्ती. जुन्या एक्सेलसियर शाळेच्या इमारतीत तिचं संग्रहालय आहे. ते रोज उघडं नसतं, वार बघून जा.

प्रश्न: फोर्ट मातान्झासला गेलो आणि बोट न मिळाल्यानं परतलो. काय चुकलं?

बोट फुकट आहे, म्हणूनच ती भरते. गावापासून दक्षिणेला चौदा-पंधरा मैलांवरचा हा छोटा किल्ला बेटावर आहे आणि सरकारी बोटीशिवाय तिथे पर्यटकांची सोय नाही. चढण्याचे पास त्याच दिवशी, आधी येईल त्याला, असे मिळतात. आदल्या दिवशी जागा राखता येत नाही. सकाळी पोहोचून आधी पास घ्या आणि मधल्या वेळात लाकडी पायवाटेवर किंवा समुद्रकिनाऱ्यावर जा. बोट आठवड्याचे सगळे दिवस चालत नाही, आणि वारा किंवा विजा असल्या की फेऱ्या थांबतात. निघायच्या दिवशी सकाळी उद्यानाची सूचना बघणं हाच उपाय. पूर्ण फेरीला तासाभराच्या आत वेळ लागतो.

ओगलथॉर्पच्या वेढ्यानं स्पॅनिशांना धडा मिळाला, की दक्षिणेच्या या खाडीमुखातून गावात मागच्या दारानं शिरता येतं आणि रसदही तोडता येते. म्हणून १७४० ते १७४२मध्ये हा पन्नास फूट बाजूचा कोकिनाचा बुरूज बांधला. शिबंदी थोडकीच, गावातून पाळीपाळीनं येई. अगदी वरच्या गच्चीवर शिडीनं जावं लागतं, ते ऐच्छिक आहे.

प्रश्न: कोणत्या महिन्यात जावं? नाताळच्या रोषणाईला फार गर्दी असते का?

फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात उत्तम. जून ते सप्टेंबर ऊन कडक आणि दुपारी गडगडाटी पाऊस. शरद ऋतूत मोठ्या भरतीला जोराचा ईशान्य वारा मिळाला की खाडीकाठच्या रस्त्यावर पाणी येतं. हे पाणी खारं असतं, त्यातून गाडी घालू नका.

रोषणाई नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, तारखा दरवर्षी बदलतात. शनिवारी संध्याकाळी गावात शिरायला तासभर लागू शकतो. सोमवार ते बुधवार जा, किंवा शहर त्या दिवसांत गावाबाहेरच्या वाहनतळांवरून फुकट बस सोडतं, तिचा उपयोग करा. परतीच्या बसला रात्री नऊच्या सुमारास सर्वांत लांब रांग लागते. लहान मुलं असतील तर आठच्या आत निघा.